मार्शल आर्ट निवडताना: आधी कारण, मग सांधे, मग अंगकाठी

“मी उंच आणि किडकिडीत आहे, मला कोणती मार्शल आर्ट जमेल?” नवखे लोक सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा यायला हवा. शिकायचं कशासाठी हे आधी ठरवा, मग सांधे आणि तब्येत तपासा, अंगकाठीकडे त्यानंतर वळा. एकाच रिंगणात आणि एकाच मॅटवर सगळ्या चणीची माणसं यशस्वी झालेली आहेत. अंगकाठीवरून मुख्यतः ठरतं ते इतकंच, की निवडलेली कला तुम्ही कोणत्या ढंगाने खेळाल.

पायरी १: कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: “वर्षभराने मला ... करता यायला हवं.” फिटनेस, स्वसंरक्षण, आत्मविश्वास, स्पर्धा असं सगळं एका दमात लिहिलंत तर काहीच ठरणार नाही. एकच गोष्ट लिहा. बाकीचे फायदे ओघाने मिळतातच.

स्वसंरक्षण लिहिलं असेल, तर कलेच्या नावाआधी एक गोष्ट बघा: तिथे स्पारिंग होतं का? म्हणजे समोरचा खरोखर विरोध करतोय, निसटतोय, उलट हल्ला करतोय, अशा स्थितीत डाव करून बघायला मिळतो का? जोडीदार स्वतःहून हात पुढे करतो आणि आपण तो पिरगाळतो, एवढाच सराव असेल तर धक्काबुक्कीच्या वेळी त्यातलं फारसं काही आठवत नाही. हात थरथरतात, श्वास वर लागतो आणि ज्या हालचाली विरोधाखाली शेकडो वेळा केल्यात तेवढ्याच अंगातून निघतात. बॉक्सिंग, मुय थाय (ठोसे-लाथांची थाई कला), कुस्ती, ज्युदो (पकडून फेकण्याची जपानी कला) आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडून शरण आणण्याची कला) या पाचही कलांमध्ये हा विरोध रोजच्या सरावाचा भाग असतो.

या प्रत्येक कलेत एक मोकळी जागाही आहे. बॉक्सरला मिठी मारून खाली पाडलं की त्याचं निम्मं शस्त्र गळून पडतं. जिउ-जित्सूवाला जमिनीवर एकाला आवळून धरतो, पण दुसरा हल्लेखोर उभा असेल तर तीच जागा धोक्याची ठरते. म्हणून स्वसंरक्षणासाठी मी नव्या माणसाला सांगतो, की आधी पायांवर टिकून राहायला आणि पकड सोडवायला शिकवणारी एक कला धरा (ज्युदो किंवा कुस्ती), आणि ती अंगात मुरली की थोडं बॉक्सिंग जोडा. ज्याला मार खाण्याचीच भीती जास्त आहे, त्याने क्रम उलटा ठेवावा. समोर चाकू असेल तर कुठल्याही कलेचं पहिलं उत्तर पळणं हेच आहे. निःशस्त्र माणसाला चाकू हमखास हिसकावून घ्यायला शिकवतो, असं सांगणाऱ्या क्लासपासून दूर राहा.

फिटनेस हवा असेल तर निवड सोपी आहे. बॉक्सिंग किंवा किकबॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिट विश्रांती हा साचा दम वाढवायला उत्तम. तोंडावर मार न खाता, नुसत्या बॅग आणि पॅडवर वर्षानुवर्षं सराव करता येतो. वजन कमी करायचं असेल तर क्लासची मदत होते, पण मोठा भाग ताटातूनच सुटतो, हे आधीच स्वीकारलेलं बरं.

स्पर्धा हे कारण असेल तर पुढची वाट कुठे जाते ते पाहा. कुस्ती आणि बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये जुनेच. ज्युदो १९६४ मध्ये टोकियोला आला आणि महिलांच्या ज्युदोला १९९२ पासून पदकं मिळू लागली. तायक्वांदोला पदकाचा दर्जा मिळाला तो २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये. कराटे टोकियो २०२० मध्ये होता, पण २०२४ च्या पॅरिसच्या यादीत तो नव्हता. स्पर्धेचे नियम बघायला विसरू नका, कारण सराव नियमांच्या मागे जातो. तायक्वांदोत धडावर ठोशाचा एक गुण, धडावर लाथेचे दोन, डोक्यावर लाथेचे तीन आणि गिरकी घेऊन लाथ लागली तर आणखी जास्त. साहजिकच तिथे हातांपेक्षा पायांवर कितीतरी जास्त वेळ जातो.

मन शांत व्हावं, तोल सुधारावा, उतारवयात शरीर हलतं राहावं असं कारण असेल तर ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी कला, मनापासून सुचवतो. वयस्कांमधलं पडण्याचं प्रमाण ताई चीने कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. आयकिडो (समोरच्याचा जोर वळवणारी जपानी कला) आणि कराटेतले काता, म्हणजे एकट्याने करायचे ठरावीक हालचालींचे क्रम, हेही इथे शोभतात.

मुलांसाठी ज्युदो, कुस्ती, तायक्वांदो किंवा कराटे यांपैकी जिथे खेळीमेळीने शिकवतात ते निवडा. डोक्यावर ठोसे बसणारी स्पर्धा मात्र लहान वयात नकोच. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्र भूमिका घेऊन मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केला होता, आणि मेंदूच्या दुखापतींबद्दल आज जे कळतं त्यावरून ती भूमिका योग्यच वाटते.

पायरी २: सांध्यांना आणि डॉक्टरांना विचारा

या पायरीवर लोक घाई करतात आणि सहा महिन्यांत घरी बसतात. प्रत्येक कला शरीराचे काही ठरावीक भाग जास्त वापरते आणि झिजवते.

ज्युदोत खांदा आणि गुडघा. जिउ-जित्सूत गुडघा, कोपर, मान आणि कपडा घट्ट धरून धरून सुजणारी बोटं. मुय थायमध्ये नडगी, तायक्वांदोत घोटा, पाऊल आणि जांघ. बॉक्सिंगमध्ये मनगट, तळहाताची हाडं आणि अर्थातच डोकं. तेव्हा खांदा एकदा निखळलेला असेल तर ज्युदोआधी फिजिओथेरपिस्टला भेटा. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असेल तर गिरक्या आणि उड्यांच्या लाथा लगेच नकोत. कमरेची डिस्क सरकलेली असेल तर उचलून फेकण्याच्या कला बाजूला ठेवा. हाडं ठिसूळ झाली असतील तर आपटण्याचा सराव टाळा.

एक गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात: चष्म्याचा मोठा मायनस नंबर. अशा डोळ्यांचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो, डोक्यावरच्या माराने तो सुटण्याचा धोका जास्त. नंबर मोठा असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घेतल्याशिवाय बॉक्सिंगचं स्पारिंग करू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट येणं, हर्निया यांतलं काही असेल तर डॉक्टरांना फक्त “व्यायाम करू का” असं विचारू नका. “कोणीतरी मला उचलून आपटणार आहे” किंवा “गळ्यावर दाब येणार आहे” असं स्पष्ट सांगून विचारा. उत्तर बदलू शकतं.

घरच्या घरी एक चाचणी करा. भिंतीला हात टेकवून उभे राहा, गुडघा वाकवून पाय बाजूला, कमरेच्या उंचीपर्यंत उचला. मांडीच्या मागून किंवा आतून ताण जाणवला तर स्नायू आखडलेले आहेत, ते रोजच्या सरावाने मोकळे होतात. जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं टोचलं तर मात्र खुब्याचं हाड हाडाला भिडत असण्याची शक्यता असते. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी, आणि ताण देऊन हाडाचा आकार बदलत नाही. अशा माणसाने डोक्याइतक्या उंच लाथेचा हट्ट धरू नये. बॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती त्याला उघड्या आहेत, आणि मुय थायमध्ये मांडीवर बसणारी खालची लाथही काही कमी नाही.

पायरी ३: आता आरशासमोर उभे राहा

शरीराचे तीन साचे (किडकिडीत, पीळदार, गोलसर) इंटरनेटवर सगळीकडे भेटतात. ते १९४० च्या दशकात विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडले होते आणि त्यावरून स्वभाव ओळखता येतो असा त्याचा दावा होता. तो दावा टिकला नाही. खरी शरीरं मिश्र असतात: बारीक हात, जड मांड्या, रुंद खांदे, आखूड धड. साच्याचं नाव शोधण्यापेक्षा तीन गोष्टी मोजा: उंची, पल्ला आणि वजन. पल्ला म्हणजे भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. बहुतेकांचा तो उंचीइतकाच असतो. बराच जास्त निघाला तर ठोसे-लाथांच्या कलांत ती निसर्गाची देणगी समजा.

उंच आणि सडपातळ माणसाला बॉक्सिंगमधला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), तायक्वांदोतल्या लाथा आणि मुय थायमधली ढकललाथ लवकर साधतात, कारण समोरच्याचा हात पोचायच्या आधी त्याचा पोचतो. जिउ-जित्सूत लांब पायांनी मान आणि हात एकत्र आवळणारा ट्रायअँगल चोक छान बसतो. अडचण कुस्ती आणि ज्युदोत येते. गुरुत्वमध्य वर असतो, ठेंगणा प्रतिस्पर्धी खालून घुसतो आणि पट काढतो. तरीही १९६४ मध्ये टोकियोला ज्युदोच्या खुल्या गटात जपानच्या अकिओ कामिनागाला हरवून सुवर्ण नेणारा डच खेळाडू अँटन गीसिंक जवळपास दोन मीटर उंच होता. त्याने उंचीला साजेसा ज्युदो केला.

ठेंगणं, दणकट शरीर असेल तर कुस्ती आणि ज्युदो अगदी अंगासरशी बसतात. ज्युदोतला सेओई-नागे हा डाव आपल्या धोबीपछाडीच्या जातीचा. समोरच्याच्या छातीखाली शिरायचं, पाठ त्याला चिकटवायची आणि खांद्यावरून पुढे फेकायचं. जो आधीच खाली आहे त्याला शिरायला कमी वाकावं लागतं. जपानच्या तादाहिरो नोमुराने ६० किलो गटात १९९६, २०००, २००४ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, आणि हा त्याचा हुकमी डाव होता. बॉक्सिंगही ठेंगण्यांना वर्ज्य नाही. रॉकी मार्सियानो हेवीवेट विजेत्यांमध्ये आखूड पल्ल्याचा, पण डोकं खाली ठेवून अंतर कापत आत शिरायचा. ४९ लढती, ४९ विजय. अशा माणसाला जॅबपेक्षा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) आधी शिकवायला हवेत, आणि मान-पाठीची ताकद वाढवायला हवी.

जड शरीराच्या लोकांना आपल्यासाठी काही नाही असं वाटतं, आणि मला ते नेहमी खटकतं. पकडीच्या कलांमध्ये त्यांचं वजन पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. वरून दाब देणं, जागा न सोडणं, हे हलक्या माणसाला वर्षभर शिकावं लागतं. गुडघे आणि घोटे मात्र जपायला हवेत. सुरुवातीला दोरीवरच्या उड्या, उड्या मारून लाथा आणि बेडूकउड्या टाळा, त्याऐवजी पॅडवर ठोसे आणि जमिनीवरच्या हालचाली करा. शिक्षकाला हे सांगायला लाजू नका. जाणता शिक्षक लगेच पर्याय देतो.

लहान चणीचे, हलके लोक. इथे एक गोड थाप फार पसरलेली आहे: “या कलेत वजनाला महत्त्व नाही.” महत्त्व आहे, म्हणून तर वजनगट आहेत. १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना करणारे जिगोरो कानो स्वतः चणीने लहान होते, आणि समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवण्याचं तंत्र त्यांनी बारकाईने बसवलं. १९९३ मध्ये पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची अमेरिकी स्पर्धा) सुमारे ८० किलोच्या रॉइस ग्रेसीने आपल्याहून जड लढवय्यांना जिउ-जित्सूने शरण आणलं. हे खरंच, पण त्या वेळी समोरच्यांपैकी बहुतेकांना जमिनीवरची लढत ठाऊकच नव्हती. पुढे सगळे ती शिकले आणि १९९७ पासून यूएफसीतही वजनगट आले. हलक्या माणसाने जिउ-जित्सू किंवा ज्युदो जरूर शिकावा, तंत्राचा सगळ्यात जास्त फायदा त्यालाच होतो. एक काळजी घ्यावी: आपल्या वजनाचे दोन-तीन जोडीदार असलेला क्लास शोधावा. रोज स्वतःपेक्षा वीस किलोने जड माणसाखाली चिरडून घेतल्याने तंत्र येत नाही, बरगडी दुखते.

पायरी ४: तुम्हाला काय सोसवतं?

काहींना तोंडावर ठोसा चालतो, पण कोणी अंगावर झोपून श्वास कोंडला की जीव घाबरतो. काहींचं अगदी उलट. काहींना परक्याच्या घामाचा स्पर्शच नकोसा वाटतो. यात कमीपणा काही नाही, पण हे आधी ओळखा. कोंडल्याची भीती असेल तर जिउ-जित्सूने सुरुवात करू नका. डोळ्यांसमोर हात आला की अंग गोठत असेल तर हलक्या स्पर्शाचं स्पारिंग करणारा कराटेचा क्लास ही चांगली पहिली पायरी आहे. कराटेतही फरक असतो: स्पर्धात्मक कराटेत फटका आवरून मारतात, तर मासुतात्सु ओयामा यांनी सुरू केलेल्या क्योकुशिन या कराटेच्या शाखेत धडावर पूर्ण जोराने मारतात. नाव एकच म्हणून दोन्हीकडे अनुभव सारखा येईल असं मानू नका.

पायरी ५: दोन-तीन क्लास पाहून या

कागदावर उत्तम वाटलेली कला जवळच्या वाईट क्लासमध्ये शिकण्यापेक्षा दुसऱ्या पसंतीची कला चांगल्या शिक्षकाकडे शिका. याबाबतीत मी ठाम आहे. नाव नोंदवण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा.

सगळ्यात आधी नवख्यांकडे बघा. ज्युदो किंवा जिउ-जित्सूच्या चांगल्या क्लासमध्ये नव्या मुलीला पहिल्या दिवशी कोणी फेकत नाही. तिला बसल्या जागेवरून मागे पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, नजर कमरेच्या पट्ट्याकडे, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून मॅटवर सपाट आपटायचे. हात मागे टेकवायचा नाही, कारण मनगट आणि कोपर तिथेच मोडतं. मग उकिडवं बसून, मग उभ्याने. शिक्षक तिची हनुवटी सुटतेय का ते बघत उभा असेल, तर तिथे निर्धास्त नाव घाला. बॉक्सिंगच्या क्लासमध्ये हँड रॅप बघा. नवख्याच्या मनगटाला, अंगठ्याला आणि बोटांच्या मधून पट्टी नीट बांधून दिली जाते का? ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुठीवरच्या उंचवट्यांवर, मनगट सरळ ठेवून बसवायला सांगतात का? करंगळीच्या बाजूने बसलेला ठोसा हाताचं हाड मोडतो.

मग जोड्या कशा लावतात ते बघा. नव्याला अनुभवी आणि शांत जोडीदार मिळतो, की दोन नवे एकमेकांवर सोडले जातात? कोणी टॅप केलं, म्हणजे हार मानून थोपटलं, की पकड तत्काळ सुटते का? गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो, तेव्हा “थोडं अजून सहन कर” म्हणणारी जागा लगेच सोडा. मॅट रोज पुसतात का, हेही विचारा. गजकर्णासारखे त्वचेचे संसर्ग अशा ठिकाणी झपाट्याने पसरतात.

शिक्षकाला थेट विचारा: स्पारिंग कधी सुरू होतं, किती जोराने होतं, जखमी झालेल्याला परत कसं आणता? नीट उत्तर देणारा शिक्षक प्रश्नांनी चिडत नाही. काळ्या बेल्टची तारीख आधीच ठरवून देणाऱ्याकडे जाऊ नका. जिउ-जित्सूत नियमित सराव करूनही काळ्या बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात.

पायरी ६: पहिले तीन महिने

आठवड्यातून दोनदा जा, तीनदा नको. उत्साह असतो, पण स्नायूंपेक्षा सांध्यांभोवतीच्या दोऱ्या (लिगामेंट, टेंडन) उशिरा मजबूत होतात. चाळिशी ओलांडली असेल तर वॉर्म-अपला वीस मिनिटं द्या आणि पहिल्या महिन्यात स्पारिंग टाळा. स्पर्धेसाठी वजन उतरवण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडूच नका.

सामान कमीत कमी घ्या. हँड रॅप आणि माउथगार्ड स्वतःचेच हवेत. हातमोजे घेताना स्पारिंगसाठी साधारण १६ औंसांचे घ्या, बॅगसाठीचे हलके चालतात. ज्युदो-जिउ-जित्सूचा गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, पहिल्या महिन्यानंतर, म्हणजे चालू ठेवायचं नक्की झाल्यावर घ्या. नखं कापलेली ठेवा, दागिने काढून ठेवा.

अंग दुखणं आणि दुखापत यांतला फरक ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना सारखं, दोन दिवसांत उतरणारं दुखणं स्नायूंचं असतं. एकाच सांध्यात टोचणारं, सुजणारं किंवा रात्री जागवणारं दुखणं घेऊन क्लासला जाऊ नका. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा मधला काही वेळ आठवेनासा झाला, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय स्पारिंगला उभे राहू नका.

तीन महिन्यांनी कला बदलावीशी वाटली तर खुशाल बदला. ज्युदोतून जिउ-जित्सूत गेलात तर पडणं आणि पकड सोबत येते. बॉक्सिंगमधून मुय थायमध्ये गेलात तर हात येतात, पण उभं राहण्याची ढब बदलावी लागते, कारण पुढच्या पायावर जास्त भार ठेवला तर मांडीवर लाथा बसतात. नव्या क्लासमध्ये आधीचा अनुभव पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे शिक्षक जोडी त्या हिशोबाने लावेल, आणि बेल्ट मात्र पांढराच बांधा.